बॅग-मास्क ऑनलाइन शिकवायचंय? मग कॅमेरा आधी सिस्टरच्या हातावर लावा

बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर पुढच्या एका मिनिटात त्याच्या फुफ्फुसात हवा गेली पाहिजे. एवढंच काम, आणि ते बहुतेक वेळा सिस्टरच्याच हातात असतं, कारण पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्री दोनला डिलिव्हरी झाली तर लेबर रूममधे त्याच असतात, डॉक्टर क्वार्टरमधून येईपर्यंत ते मिनिट संपलेलं असतं. पूर्ण दिवसांची 100 बाळं धरली तर साधारण 85 आपोआप श्वास घेतात, अजून 10 जणांना नीट पुसलं, पाठ चोळली की घेतात, आणि 5 च्या आसपास बाळांना बॅग-मास्कने, म्हणजे नाकातोंडावर मास्क बसवून त्याला जोडलेली बॅग हाताने दाबत, श्वास द्यावा लागतो. म्हणजे महिन्याला आठ-दहा डिलिव्हऱ्या होणाऱ्या ठिकाणी असं बाळ दोन-अडीच महिन्यांतून एकदा येणार, आणि तेव्हा ड्यूटीवर नेमकी कोण असेल ते काय सांगावं. गोष्ट क्वचितच लागते, पण लागते तेव्हा हात विचार न करता चालला पाहिजे.

मी नर्सिंग ट्यूटर आहे, 2020 मधे सगळे वर्ग बंद पडले तेव्हापासून पीएचसी आणि उपकेंद्रांमधल्या एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका), स्टाफ नर्स यांना हेच एक कौशल्य बरंचसं व्हिडिओ कॉलवर शिकवतेय. सुरुवातीला चुकीचं शिकवलं, नंतर थोडं थोडं जमत गेलं. ते कसं जमलं ते इथे लिहितेय, म्हणजे तुम्ही टाके घालणं, आयव्ही लावणं, कॅथेटर टाकणं असलं कुठलंही हाताचं काम लांबून शिकवत असाल तरी यातलं बरंचसं कामी येईल.

आधी चूक सांगते. पहिली बॅच साठ-सत्तर जणींची होती, दोन तास स्लाइड दाखवल्या, एक छान व्हिडिओ दाखवला, मी स्वतः मॅनिकिनवर, म्हणजे सरावासाठीच्या बाळाच्या पुतळ्यावर, करून दाखवलं, शेवटी क्विझ घेतली तर बहुतेकींना पैकीच्या पैकी. सगळ्यांचे कॅमेरे बंद होते, नेट वाचवायला आम्हीच बंद करायला सांगितले होते. दोन महिन्यांनी एका तालुक्याला प्रत्यक्ष जायचा योग आला, मॅनिकिन बरोबर नेलं होतं, त्याच बॅचमधल्या चौघींच्या हातात बॅग दिली आणि चौघींपैकी एकीच्याही हाताने छाती वर येईना. मिनिटाला किती श्वास, मास्क कुठपर्यंत, सगळं तोंडपाठ होतं त्यांना, पण मास्कच्या कडेने हवा फुस्स करून बाहेर. त्या दिवशी मला कळलं की दोन तास सगळ्यांनी माझे हात बघितले, मी कोणाचेच बघितले नाहीत. ऑनलाइन शिकवणं फसतं ते इथेच, बाकी नेट-बिट सगळं नंतरचं.

हाताचं कौशल्य डिग्रीवर अवलंबून नसतं हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने 1990 च्या दशकात गावातल्याच बायकांना घरी जन्मलेल्या बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात न रडणाऱ्या बाळाला श्वास देणंही होतं, आणि 1999 साली लॅन्सेटमधे त्याचे निकाल आले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले होते. पण त्या बायका हाताला धरून शिकल्या होत्या, पुन्हा पुन्हा बघून, तपासून. आपल्याला तेच लांबून करायचंय, म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की तिचा हात मला दिसणार कसा.

किती जणी आणि बरोबर कोण

एका कॉलवर पाच, फार तर सहा जणी. याच्यावर जाऊ नका, वरून कितीही सांगितलं की एकदाच दोनशे जणींचं उरकून टाका तरी नाही. दोनशे जणींना माहिती देता येते, हात बघता येत नाहीत. माहितीचा भाग वेगळा काढून मोठ्या ग्रुपला खुशाल द्या. डॉ. संजीव अरोरांनी 2003 मधे न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सीच्या पेशंटसाठी एको सुरू केलं, म्हणजे तज्ज्ञ आणि लांबचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर एकत्र केसवर बोलतात, ती पद्धत केस-चर्चेसाठी फार चांगली आहे, आपल्याकडेही चालते, पण ती बोलून शिकायची पद्धत आहे. हाताचं काम छोट्या ग्रुपमधेच.

दुसरं म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन जणी हव्यात, एकटी सिस्टर फोनसमोर बसून शिकू शकत नाही. एक करणार आणि दुसरी तिच्या बाजूला, आम्ही तिला जोडीदार म्हणतो. फोन सरकवणं, घड्याळ बघणं, मॅनिकिनच्या नाळेचे ठोके दाबून दाखवणं हे सगळं जोडीदार करते, मग अदलाबदल. जोडीदार नर्सच हवी असं काही नाही, एका उपकेंद्रात आशाताई बसायच्या आणि त्या इतक्या बारकाईने बघायच्या की सिस्टर म्हणायच्या, मॅडम, तुमच्यापेक्षा ताईच जास्त चुका काढतात.

पेटी

कॉलच्या निदान दोन दिवस आधी सामान तिकडे पोचलेलं पाहिजे. आमच्याकडे तालुक्याहून लसीची गाडी जाते तिच्याबरोबर पेटी पाठवतो, येताना परत येते. पेटीत बाळाचं मॅनिकिन, नवजाताची बॅग, 0 आणि 1 नंबरचे मास्क, दोन टॉवेल, खांद्याखाली ठेवायला एक छोटा नॅपकिन, स्टेथोस्कोप, एक चिकटपट्टीचा रोल आणि तपासणी यादीचा लॅमिनेट केलेला कागद. मॅनिकिन पाण्याने भरायचं असेल तर कोमट पाण्याने भरायला सांगा, हातात घेतल्यावर बाळासारखं जड लागतं, मान पण तशीच लुळी पडते, आणि त्या वजनाने सिस्टर आपोआप दोन्ही हातांनी सांभाळून उचलतात. खेळण्यातली बाहुली वापरू का असं बरेच जण विचारतात. पकड शिकायला चालेल, पण बाहुलीची छाती फुगत नाही, म्हणजे हवा गेली की नाही याचं उत्तर मिळत नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात सुधारत नाही. जिल्ह्याच्या स्किल लॅबमधे मॅनिकिन असतात, तिथे अर्ज करून आठवड्यासाठी मागून घ्या.

कॅमेरा कुठे, हा सगळ्यात मोठा धडा

नवीन लोक फोन वरून लावतात, स्टँडवरून खाली बघणारा, कारण तसं सगळं टेबल दिसतं. पण वरून छाती वर आलेली दिसतच नाही. छाती वर-खाली होते ती बाजूने दिसते, म्हणून फोन गादीच्या उंचीवर, बाळाच्या कुशीच्या बाजूला, साधारण दोन हात लांब. त्यात छातीची कड, मानेचा कोन आणि मास्क धरलेला हात तिन्ही आले पाहिजेत. आयव्ही स्टँडला फोन चिकटपट्टीने आडवा बांधला की मस्त बसतो, तेही नसेल तर औषधाच्या दोन खोक्यांमधे अडकवा. खिडकी फोनच्या मागे असावी, बाळाच्या मागे खिडकी आली की सगळं काळं दिसतं. मागचा कॅमेरा वापरायचा, समोरचा नाही, समोरच्यात तिला तिचीच आरशातली उलटी बाजू दिसते आणि मग डावं-उजवं सगळं गोंधळतं.

डाव्या-उजव्यावरून आठवलं, हे दोन शब्द कॉलवर वापरूच नका. मी म्हणते "खिडकीकडचा हात", "भिंतीकडचा हात", "बॅगवाला हात", "मास्कवाला हात". एक सेकंद पण गोंधळ होत नाही.

आणि स्वतःचा कॅमेरा? मी करून दाखवते तेव्हा माझा फोन माझ्या खांद्यामागून खाली बघणारा असतो, बाळाच्या डोक्याकडून. म्हणजे सिस्टरला जे दिसतं ते तिच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसणार तसंच दिसतं. समोरून दाखवलं तर तिला डोक्यात उलटं करून घ्यावं लागतं, आणि तेवढ्यात पुढची पायरी निघून जाते. म्हणजे शिकवताना तिच्या डोळ्यांच्या जागेवरून दाखवायचं आणि तपासताना तिच्या छातीची, म्हणजे मॅनिकिनच्या छातीची, बाजू बघायची. दोन कामांना दोन जागा.

आवाजाचं एक सेटिंग कोणी सांगत नाही

मास्क सैल असला की हवा निसटल्याचा आवाज येतो, प्रत्यक्ष शिकवताना आपण नकळत त्या आवाजावरच चूक पकडतो. पण झूम काय करतं, पंख्याचा, गाडीचा असा आवाज ओळखून स्वतःच दाबून टाकतं, आणि आपला फुस्स आवाज त्यालाही पंख्यासारखाच वाटतो. माझे कितीतरी कॉल असेच गेले की लीक होतंय आणि मला ऐकूच येत नाही. ऑडिओ सेटिंगमधे ओरिजिनल साउंड चालू करायला लावा, जिचा हात बघतोय फक्त तिच्या फोनवर, बाकी सगळ्या म्यूट. पंखा मात्र बंद करायला सांगा, पाच मिनिटं घाम येईल पण लीक ऐकू येईल.

मोजणीचंही तसंच. आपण मिनिटाला 40 ते 60 श्वास द्यायला सांगतो, त्यासाठी ताल असतो, "दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन", दाबवर बॅग दाबायची आणि दोन-तीनवर सोडायची. वर्गात आपण सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणतो. कॉलवर म्हणू नका. आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोचतो, तुमचा "दाब" तिला "दोन"वर ऐकू येतो आणि तिचा जमलेला ताल तुमच्यामुळे बिघडतो. मोजायचं तिनेच, मोठ्याने, आणि तुम्ही गप्प बसून घड्याळ लावून 30 सेकंदात किती झाले ते मोजा. 20 ते 30 आले तर बरोबर. बहुतेक जणी घाईत 40 च्या वर जातात, घाबरल्यावर हात धावतो, आणि दर वाढला की हवा बाहेर यायला वेळच मिळत नाही.

प्रत्यक्ष सेशन कसं चालवायचं

दुपारी ओपीडी संपल्यावर, अडीचच्या सुमाराला, 40 मिनिटं. फ्री झूम ग्रुप कॉल 40 मिनिटांनी बंदच पडतो, ते आमच्या पथ्यावर पडलं, त्यापेक्षा जास्त वेळ कोणाचं लक्षही राहत नाही. व्हिडिओ कॉलवर व्हिडिओ दाखवायचा नाही, तो अडकत अडकत दिसतो. चार मिनिटांची क्लिप आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, डाउनलोड करून बघून यायला सांगा, आणि सेशनच्या पहिल्याच मिनिटाला एक साधा प्रश्न विचारा, म्हणजे कोणी बघितलीय ते कळतं.

पुढे मी पेटनची चार पायऱ्यांची पद्धत वापरते, 1998 पासून वैद्यकीय शिक्षणात माहीत असलेली आहे आणि ऑनलाइनसाठी तर जणू बनवलेलीच. आधी मी एकदा पूर्ण करून दाखवते, काहीही न बोलता, खऱ्या वेगाने. सिस्टरना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण न बोलता बघितलं की काम एकसंध डोक्यात बसतं. मग दुसऱ्यांदा हळू, प्रत्येक पायरी बोलून, का करतोय तेही सांगून. तिसरी पायरी खरी मजेची आहे: सिस्टर बोलणार आणि मी करणार. ती जे सांगेल तेच, तेवढंच, समजूतदारपणा न दाखवता. ती म्हणाली "मास्क लावा" तर मी मास्क डोळ्यांवर लावते आणि थांबते. मग ती म्हणते नाही नाही, खाली, नाक आणि तोंड झाकलं पाहिजे, हनुवटीचं टोक पण आत आलं पाहिजे, डोळ्यांवर दाब नको. असं सांगता सांगता तिच्या डोक्यात काय पक्कं आहे आणि काय नुसतं ऐकलेलं आहे ते मला स्वच्छ दिसतं. नेट कमी असलं तरी ही पायरी चालते, कारण तिच्याकडून फक्त आवाज हवा असतो. वेळ कमी असेल तर बाकी काहीही कापा, ही कापू नका. चौथी म्हणजे तिने स्वतः बोलत बोलत करायचं, कॅमेरा तिच्यावर.

सगळ्यात आधी बॅग तपासणं शिकवा आणि दर सेशनला करून घ्या. मास्कचं तोंड तळहाताने घट्ट बंद करायचं आणि बॅग दाबायची, हाताला दाब जाणवला पाहिजे, जोरात दाबल्यावर वरच्या व्हॉल्व्हमधून हवा सुटल्याचा आवाज आला पाहिजे, आणि सोडल्यावर बॅग पटकन फुगली पाहिजे. पाच सेकंदांचं काम. फाटलेली बॅग बाळाच्या तोंडावर लावल्यावर कळून उपयोग नाही.

चूक कशी सांगायची

एका वेळी एकच चूक. समोरासमोर आपण तिचं बोट धरून सरकवतो, ते इथे करता येत नाही, म्हणून शब्द बोटासारखे नेमके हवेत. "पकड नीट करा" याला काही अर्थ नाही. "अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर इंग्रजी सीसारखं, बाकी तीन बोटं जबड्याच्या हाडावर, हाडाखालच्या मऊ जागेत नाही" हे ती करू शकते. आणि सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागणारं वाक्य: मास्क बाळावर दाबायचा नाही, बाळाचा जबडा उचलून मास्ककडे आणायचा. दाबलं की मान वाकते आणि श्वासाची वाट बंद होते, उचललं की उघडते. हे वाक्य मी कॉलवर किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही.

नंदुरबारकडच्या एका पीएचसीतल्या सिस्टर होत्या, वीस-एक वर्षांचा अनुभव, हात एकदम स्थिर. मास्क छान बसला होता, लीकचा आवाज नाही, ताल बरोबर, आणि तरी छाती हलत नव्हती. त्या म्हणाल्या, "मॅडम, मॅनिकिनच खराब दिसतंय." मी जोडीदाराला फोन अजून एक वीतभर खाली घ्यायला सांगितला, आणि मग दिसलं, नॅपकिनची घडी डोक्याखाली होती. नवजाताचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, नुसतं सपाट ठेवलं तरी हनुवटी छातीकडे झुकते, त्यात डोक्याखाली घडी म्हणजे मान पार मिटलेली. मी एवढंच म्हटलं, "सिस्टर, घडी तीन बोटं खाली ओढा, खांद्याखाली." त्यांनी एका हाताने ओढली, डोकं किंचित मागे गेलं, फुलाचा वास घेताना आपण मान वर करतो तसं, बॅग दाबली आणि छाती वर आली. "हललं हललं" म्हणून त्या इतक्या जोरात ओरडल्या की बाकी चार ठिकाणच्या सगळ्या हसायला लागल्या. फोन वर असता तर मला ते कधी दिसलं नसतं आणि त्यांनी मॅनिकिन परत पाठवलं असतं.

छाती न हलण्याची कारणं मग मी याच क्रमाने शिकवते, कारण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारं आधी येतं: मास्क पुन्हा बसवा, डोकं पुन्हा ठेवा, तोंड आणि मग नाक साफ करा, तोंड थोडं उघडं ठेवून श्वास द्या, आणि त्यानेही नाही झालं तर बॅग जरा जास्त दाबा. चार-पाच श्वासांत छाती वर आली नाही तर हे सुरू करायचं, तसंच देत राहायचं नाही. आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते, ऑक्सिजनचा सिलिंडर शोधण्यात ते मिनिट घालवू नका. हे वेगळं सांगते कारण लेबर रूममधे पहिली धावपळ सिलिंडरसाठीच होताना मी बघितलीय.

गोष्ट लावून सराव

पकड आणि ताल जमला की दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला प्रसंग द्यायचा. जोडीदार बाळ हातात देते आणि म्हणते, "बाळ आलं, पाणी हिरवट नाही, रडत नाही." तिथून घड्याळ सुरू. पुसणं, ओला टॉवेल काढून टाकणं, डोकं नीट, पाठ चोळणं, श्वास नाही, बॅग. जन्मापासून एका मिनिटाच्या आत पहिला श्वास गेला का, एवढंच मी बघते. बऱ्याच जणी सक्शनमधे, म्हणजे नाकातोंडातलं पाणी ओढून काढण्यात, अडकतात, जुनी सवय आहे, प्रत्येक बाळाला सक्शन करायची. आता तसं नाही, नाकातोंडात काही अडकलंय असं दिसलं तरच. ही सवय मोडायला प्रसंगच लागतो, सांगून मोडत नाही, कारण हाताला स्वतःहून सक्शनकडे जाताना ती स्वतः बघते.

हृदयाचे ठोके मोजायलाही इथेच शिकवा. 6 सेकंद मोजायचं आणि 10 ने गुणायचं, 6 सेकंदात 8 आले म्हणजे 80, म्हणजे 100 च्या खाली, श्वास चालू ठेवा. हे ठोके मी माझ्याकडून टेबलावर वाजवून दाखवायचे, आणि नेट अडकलं की मधले दोन ठोके गायब, सिस्टर म्हणायच्या 50 आणि मी वाजवलेले असायचे 70. तेव्हापासून ठोके जोडीदारच वाजवते, तिच्याकडे मी चिठ्ठीत आकडा पाठवते. 60 च्या खाली गेलं तर छाती दाबणं वगैरे पुढचं आहे, तीन वेळा दाबून एक श्वास, पण ते मी ऑनलाइन फक्त ओळख म्हणून करते. बॅग-मास्क नीट जमला तर फार थोड्या बाळांना त्याची गरज पडते, आणि ते दोघींनी मिळून करायचं काम आहे, समोरासमोरच नीट शिकवता येतं.

कॉल संपल्यावर खरं काम सुरू होतं

एकदा शिकलेला हात दोन-तीन महिन्यांत विसरतो. यात सिस्टरचा काही दोष नाही, रोज न लागणाऱ्या कामाचं असंच होतं, डॉक्टरांचंही होतं. 2009 पासून चालू असलेल्या सरकारच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं, चांगलं असतं, पण ते झाल्यावर वर्षभर बॅगला हातच लागला नाही तर त्या दोन दिवसांचं काय उरणार. आणि ऑनलाइनचा खरा फायदा मला इथेच वाटतो, एकदा शिकवण्यात नाही. मी दर आठवड्याला गाडी काढून पाच पीएचसींना जाऊ शकत नाही, पण दर आठवड्याला पाच क्लिपा बघू शकते.

म्हणून मॅनिकिन आणि बॅग लेबर रूममधेच ठेवा, कपाटात कुलपात नाही. किल्ली कोणाकडे आहे हे शोधावं लागलं की सराव संपला. ड्यूटी बदलताना येणारी सिस्टर दोन मिनिटं बॅग मारणार, जोडीदार यादीवर टिक करणार. आठवड्यातून एकदा 40 सेकंदांची क्लिप, बाजूने काढलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर मला. लाइव्हपेक्षा ही क्लिप जास्त स्वच्छ दिसते, नेट आलं की जाते, पावसात दोन दिवस टॉवर गेला तरी बिघडत नाही. मी उत्तर आवाजातच पाठवते, तीस सेकंदांचं, आधी काय बरोबर झालं ते आणि मग एकच सुधारणा. ग्रुपवर नाही पाठवत, तिला एकटीला. कधीतरी ग्रुपवर चूक सांगितली होती, त्या सिस्टरनी पुढे महिनाभर क्लिपच पाठवली नाही, आणि ते मला लागलं.

यादी छोटी ठेवा, माझ्याकडे आठच ओळी आहेत: बॅग तपासली, डोकं नीट, मास्कचा नंबर आणि जागा बरोबर, लीक नाही, छाती वर आली, 30 सेकंदात 20 ते 30, छाती आली नाही तेव्हा क्रमाने सुधारलं, मिनिटाच्या आत सुरू झालं. गुण नाहीत, हो किंवा नाही. "छाती वर आली" ही ओळ नाही असेल तर बाकी सगळं हो असलं तरी पुन्हा.

आता जे ऑनलाइन करायचं नाही ते. खरं बाळ कधीच कॅमेऱ्यावर नाही, लेबर रूममधली आई तर नाहीच, कोणी उत्साहात "मॅडम, आजची केस रेकॉर्ड केली" म्हणून पाठवली तर न उघडता डिलीट करायला सांगा आणि प्रेमाने पण स्पष्ट बोला. आणि कॉलला हजर होती म्हणून सर्टिफिकेट देऊ नका. शेवटची तपासणी कोणीतरी अनुभवी व्यक्तीने तिच्या शेजारी उभं राहून घ्यायची, मग ती तालुक्याची असो, जिल्ह्याची असो. मास्कवर नक्की किती दाब पडतोय, बोटं मऊ आहेत की ताठ, हे अजूनही स्क्रीनवरून पूर्ण कळत नाही. कॉलनंतर मिळतो त्याला मी हजेरीचा कागद म्हणते आणि प्रत्यक्ष तपासणीनंतरच्या कागदाला सर्टिफिकेट, दोन्ही वेगळ्या रंगाचे.

एक शेवटचं, जे मी उशिरा शिकले. बॅग वापरल्यावर सुटी करून धुतात, वाळवतात, आणि परत जोडताना आतला छोटा पातळ व्हॉल्व्ह उलटा बसतो किंवा ट्रेमधेच राहून जातो. बॅग दिसते पूर्ण, पण हवा बाळाकडे जातच नाही. त्यामुळे दर महिन्याच्या शेवटच्या कॉलला आम्ही दुसरं काही करत नाही, प्रत्येकीने तिच्या लेबर रूममधली खरी बॅग कॅमेऱ्यासमोर सुटी करायची, सगळे भाग पांढऱ्या कापडावर ओळीने मांडायचे, पुन्हा जोडायची आणि तळहातावर दाबून दाखवायची. मागच्या वेळी पाचपैकी दोन बॅगांमधे व्हॉल्व्ह नव्हता. त्याच संध्याकाळी तालुक्याला फोन करून दोन नवीन बॅगा मागवल्या, दुसऱ्या दिवशी लसीच्या गाडीने पोचल्या.